पाण्यावाचून पिकलेले ताट

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरच्या एखाद्या साध्या खाणावळीत बसले की बहुधा सगळ्यात आधी एक पसरट बशी समोर येते. तिच्यात पिवळे, मऊसूत, घट्टसर असे काहीतरी असते. वर ऑलिव्ह तेलाची धार, बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि केपरच्या हिरवट करड्या रंगाच्या चार-दोन आंबटखारट कळ्या. मराठी माणूस ते पाहून पिठले म्हणेल, चव घेतल्यावर घट्ट वरण म्हणेल, आणि दोन्ही वेळा फारसा चुकणार नाही. या पदार्थाचे नाव फावा. ही डाळच आहे, आणि या बेटावर ती साडेतीन हजार वर्षांहून अधिक काळ शिजते आहे.

सांतोरिनी म्हटले की डोळ्यांपुढे येतात पांढरीशुभ्र घरे, निळे घुमट आणि इया गावाच्या कड्यावरून मावळता सूर्य टिपणारी गर्दी. चित्रपटांनी आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांनी हे चित्र जगभर पोचवले. पण त्याच कड्याला पाठ करून बेटाच्या उताराकडे चालू लागले, तर काही मिनिटांत वेगळीच जमीन लागते. धुळकट, राखाडी, झाडाचे नाव नाही. नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडतो तो थोडा आणि तोही हिवाळ्यात. उन्हाळाभर आभाळ कोरडे ठणठणीत असते आणि उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा सुसाटत राहतो. जेमतेम ७६ चौरस किलोमीटरच्या या बेटावर काहीतरी पिकते, हेच पाहणाऱ्याला नवल वाटते. जे पिकते त्याची चव मात्र दुसरीकडे सापडत नाही, आणि याचे कारण त्या उजाड दिसणाऱ्या मातीतच आहे.

इसवी सनापूर्वी साधारण १६०० च्या सुमारास इथला ज्वालामुखी फुटला. मानवी इतिहासातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी हा एक. मधला भूभाग खचला, तिथे समुद्र शिरला आणि उरली चंद्रकोरीसारखी कडा. तीच आजची सांतोरिनी. ग्रीक लोक तिला अधिकृतपणे थिरा म्हणतात. या कडेवर राख, प्युमिस दगडाचा भुगा आणि लाव्हाचे तुकडे यांचा थर साचला. स्थानिक भाषेत या मातीला ‘आस्पा’ म्हणतात. तिच्यात सेंद्रिय अंश नावापुरता आणि चिकणमाती जवळजवळ नाहीच. पण प्युमिस हा स्पंजासारखा सच्छिद्र दगड आहे. रात्री समुद्रावरून येणारे धुके आणि दव तो शोषून घेतो आणि दिवसा मुळांना थोडे थोडे देत राहतो. बेटावरच्या पारंपरिक शेतीचे सिंचन ते एवढेच. पाणी कमी मिळाले की फळ लहान राहते, साल जाड होते आणि आतला रस दाट होतो. इथल्या ताटातल्या जवळपास प्रत्येक पदार्थाची गोष्ट इथूनच सुरू होते.

सुरुवात अर्थातच फावापासून. नावामुळे अनेकांचा गोंधळ होतो. इंग्रजीत फावा म्हणजे पावट्यासारख्या मोठ्या शेंगेचे दाणे. ग्रीसमध्ये त्या दाण्यांना ‘कुक्या’ म्हणतात, आणि फावा हा शब्द वापरतात तो डाळ शिजवून घोटलेल्या पदार्थासाठी. सांतोरिनीची फावा ज्या वेलीपासून मिळते तिचे शास्त्रीय नाव लॅथिरस क्लायमेनम. दाणे वाटाण्याहून लहान, काळपट सालीचे, आतून पिवळे. पेरणी हिवाळ्याच्या तोंडाशी होते, काढणी उन्हाळा तापायच्या आत. पूर्वी दाणे काही काळ ‘कानावा’मध्ये, म्हणजे कड्यात कोरलेल्या थंड कोठारात ठेवत, मग जात्यावर भरडून साल वेगळी करत. डाळ शिजवायची ती कांदा आणि पाणी घालून मंद आचेवर. फेस काढत राहायचे आणि शेवटी ऑलिव्ह तेल घालून घोटायचे. हीच फावा तेलात परतलेला कांदा आणि केपर घालून वाढली की तिला ‘पांद्रेमेनी’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ लग्न झालेली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या फावाचे वडे तळतात. उरलेल्या वरणाचे काय करायचे हा प्रश्न जगातल्या सगळ्याच स्वयंपाकघरांना पडत असावा.

विदर्भातल्या वाचकाला ही डाळ परकी वाटू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात जी लाखोळी पिकते ती लॅथिरस सॅटायव्हस, म्हणजे फावाची सख्खी नाही तरी चुलत बहीण. दोघींचा स्वभावही सारखा. धान उभे असतानाच बांध्यांमध्ये लाखोळी फेकतात आणि धान कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते. वेगळे पाणी द्यावे लागत नाही. नशीब मात्र दोघींचे वेगवेगळे निघाले. दुष्काळात दुसरे काही नसताना महिनोन्महिने केवळ लाखोळीवर राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडत. त्यामुळे १९६१ मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात ती २००८ मध्ये उठवण्यात आली. तिकडे फावाला युरोपीय संघाचे ‘पीडीओ’ मानांकन मिळाले. आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखीच ही सोय आहे: सांतोरिनी आणि आसपासच्या छोट्या बेटांवर पिकलेल्या डाळीलाच ते नाव लावता येते. मानांकनाचा शिक्का असलेली छोटीशी पिशवी आज अथेन्सच्या दुकानात चैनीच्या वस्तूच्या भावाने विकली जाते.

ही डाळ किती जुनी आहे हे कळले ते उत्खननातून. बेटाच्या दक्षिण टोकाला आक्रोतिरी नावाची जागा आहे. पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे खोदकाम सुरू केले आणि राखेखालून दोन-तीन मजली घरांचे, रस्त्यांचे, सांडपाण्याच्या नाल्यांचे अख्खे गाव बाहेर आले. घरांच्या तळमजल्यांवर मातीचे मोठाले रांजण होते. त्यांत बार्ली, डाळी, मासे यांचे अवशेष सापडले आणि डाळींमध्ये याच लॅथिरस क्लायमेनमचे दाणे होते. तिथेच मांस भाजायच्या सळ्या आडव्या ठेवण्यासाठी खाचा असलेले मातीचे जोड-स्टँडही मिळाले. खाली निखाऱ्यांना हवा लागावी म्हणून त्यांना रांगेने भोके पाडलेली आहेत. आज ग्रीसमध्ये गल्लोगल्ली मिळणाऱ्या ‘सूव्लाकी’चा, म्हणजे सळीवर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांचा, हा पूर्वज. एका भिंतीवरच्या चित्रात मुली केशर वेचताना दिसतात, दुसऱ्यात एक मुलगा दोन्ही हातांत माशांच्या माळा धरून उभा आहे. स्फोटापूर्वी लोक बेट सोडून गेले असावेत, कारण गावात माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. भरलेले रांजण तेवढे मागे राहिले.

फावाशेजारी हमखास दिसणारा दुसरा पदार्थ म्हणजे ‘तोमातोकेफ्तेदेस’. मराठीत सांगायचे तर टोमॅटोची भजी. टोमॅटो हाताने कुस्करायचे. त्यात कांदा, पुदिना, पार्सली, मीठमिरी आणि मिश्रण जेमतेम धरून राहील इतकेच पीठ घालायचे, आणि चमच्याने तेलात सोडायचे. बाहेरून कुरकुरीत, आतून आंबटगोड आणि ओलसर. मांसाच्या केफ्तेदेसची, म्हणजे तळलेल्या गोळ्यांची, हौस भागवणारा हा गरिबाघरचा किंवा उपासाच्या दिवसांतला पदार्थ. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन वर्षातले बरेच दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्यामुळे ग्रीक घरांत अशा भज्यांचे कितीतरी प्रकार आहेत आणि काहींना तर सरळ ‘खोटे केफ्तेदेस’ म्हणतात.

या भज्यांची सगळी भिस्त ‘तोमाताकी’वर, म्हणजे बेटावरच्या चिमुकल्या टोमॅटोवर असते. मोठ्या बोरापेक्षा फार मोठा नाही. चपटा, अंगावर खोलगट रेघा, साल जाड, रस थोडा. टोमॅटो बेटावर आला तो एकोणिसाव्या शतकात. पाण्याशिवाय वाढायची सवय लावून घेतल्यावर तो असा झाला की त्याच बिया दुसरीकडे नेऊन, भरपूर पाणी देऊन लावल्या तर ती चव येत नाही. रस आधीच दाट असल्याने त्याचा गर आटवणे सोपे जाई. बायका घरी उन्हात पसरट भांडी ठेवून ‘बेल्तेस’ म्हणजे टोमॅटोचा घट्ट गर करत. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणे घालणाऱ्यांना ही लगबग ओळखीची वाटेल.

विसाव्या शतकात त्या घरगुती गराचा मोठा उद्योग झाला. नोमिकोस घराण्याने १९१५ मध्ये बेटावर पहिला कारखाना काढला आणि नंतर बघता बघता डझनभर कारखाने उभे राहिले. गाढवांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून टोपल्या येत. गोडे पाणी नसल्यामुळे फळे समुद्राच्या पाण्याने धूत. सांतोरिनीचा टोमॅटो गर डब्यांतून देशाबाहेर जाई. मग ९ जुलै १९५६ चा भूकंप आला. घरे, कोठारे, कारखाने कोसळले. असंख्य कुटुंबे अथेन्सला निघून गेली. शेतात राबणारे हात कमी झाले, मुख्य भूमीवर सिंचनाखालचा स्वस्त टोमॅटो येऊ लागला आणि एकेक कारखाना बंद पडत गेला. व्लिखादाच्या किनाऱ्यावर १९४५ मध्ये बांधलेला नोमिकोसांचा कारखाना १९८१ पर्यंत चालला. आता तिथे टोमॅटोचे संग्रहालय आहे. जुनी यंत्रे, डबे, लेबले जागच्या जागी आहेत आणि तिथे काम केलेल्या माणसांच्या आठवणी चित्रफितींतून ऐकायला मिळतात. तोमाताकीला २०१३ मध्ये पीडीओ मानांकन मिळाले. तोवर त्याची लागवड पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली होती.

वांगेही इथले वेगळे आहे. पांढरे, गोलसर, गोडूस, बियांना कमी. कडूपणा नसल्यामुळे मीठ लावून पाणी काढायची गरज पडत नाही आणि तळताना ते तेलही कमी पिते. विस्तवावर भाजून, कुस्करून, त्यात लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून त्याचे कोशिंबिरीसारखे तोंडीलावणे करतात. ज्याला वांग्याचे भरीत आवडते त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘कात्सूनी’ नावाची इथली काकडी वेळेवर तोडली तर काकडी; वेलीवरच राहिली तर खरबुजासारखी गोड होत जाते. आपल्याकडचे वाळूक खाल्लेल्यांना या दोन्ही अवस्था ठाऊक असतात.

केपर तर कोणी लावतही नाही. ही काटेरी झुडपे कड्यांच्या आणि जुन्या दगडी भिंतींच्या भेगांमध्ये आपोआप उगवतात. त्यांच्या न उमललेल्या कळ्या उन्हाच्या आधी वेचायच्या, कारण एकदा फूल झाले की ती कळी कामाची नाही. भूमध्य समुद्राकाठी बहुतेक ठिकाणी या कळ्या खाऱ्या पाण्यात मुरवतात. सांतोरिनीत त्या उन्हात वाळवून ठेवायचीही पद्धत आहे, आणि वाळलेल्या केपरचा वास जास्त तीव्र असतो. कोवळी पानेही लोणच्यासारखी मुरवतात आणि कोशिंबिरीत घालतात.

नाशिकच्या मांडवावरच्या द्राक्षांची सवय असलेल्या डोळ्यांना सांतोरिनीचा द्राक्षमळा ओळखूच येणार नाही. ना मांडव, ना खांब, ना तारा. जमिनीवर ठिकठिकाणी मोठ्या टोपल्या पडल्यासारख्या दिसतात. जवळ गेल्यावर कळते की टोपली म्हणजेच वेल. शेतकरी दरवर्षी छाटणी करताना फांद्या गोल गोल गुंफत जातात. या पद्धतीला ‘कूलूरा’ म्हणतात. द्राक्षांचे घड या टोपलीच्या पोटात वाढतात. बाहेरून मेल्तेमी वाळू घेऊन आदळतो, वरून ऊन भाजते, पण आत फळ सुरक्षित असते आणि पहाटेचे दव तिथे थोडा वेळ टिकते. वर्षानुवर्षांनी टोपली म्हातारी झाली, फळ कमी झाले, की ती जमिनीलगत कापतात आणि त्याच मुळावर नवी फुटवतात. म्हणून वरची वेल काही दशकांची, तर मूळ काही शतकांचे असू शकते. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरचे द्राक्षमळे नष्ट केले, तेव्हा सांतोरिनीला तिची झळ लागली नाही. चिकणमाती नसलेल्या या मातीत ती कीड जगू शकत नाही.

इथली मुख्य द्राक्षे ‘अस्सिर्तिको’ जातीची. कडक उन्हातही त्यांचा आंबटपणा टिकतो, आणि त्यांची कोरडी पांढरी वाइन आज जगभर नावाजली जाते. पण बेटाची जुनी ओळख आहे ती ‘विन्सांतो’. तोडलेली द्राक्षे जवळपास दोन आठवडे उन्हात पसरून सुकवतात. मनुक्यांच्या वाटेवर लागलेल्या त्या फळांतून थोडाच, पण मधासारखा रस निघतो. तो आंबवून किमान दोन वर्षे लाकडी पिंपांत ठेवतात. ही गोड, गडद वाइन पूर्वी मोठ्या प्रमाणावर रशियात जात असे, कारण तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या विधींसाठी तिला मागणी होती. १९१७ च्या क्रांतीनंतर ती बाजारपेठ बुडाली. बिनद्राक्षमळ्याचे घर पूर्वी बेटावर विरळा, आणि आजही अनेक कुटुंबांच्या कानावात एखादे पिंप घरच्यासाठी राखलेले असते.

सणांच्या पदार्थांत कष्ट असतात आणि माणसे एकत्र येतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात घरोघरी ‘मेलितीनिया’ होतात. पातळ पारीची छोटी वाटी, आत बिनमिठाचे ताजे चीज, साखर, अंडी आणि मस्तिहा नावाच्या सुगंधी राळेची पूड. खरे कौशल्य आहे ते कडेच्या चुण्यांत. बोटांच्या चिमटीने सारख्या अंतरावर बारीक चुण्या पाडत वाटीचा काठ उभा करायचा. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हातांना हे काम लगेच जमेल. एकटीने शेकडो मेलितीनिया करणे शक्य नसते. त्यामुळे शेजारणी आणि नातलग बायका एका घरी जमतात, मग दुसऱ्या घरी.

हिवाळ्यात पूर्वी घरचे डुक्कर कापले की त्याच्या पाठीच्या मांसाचे ‘अपोख्ती’ करत. आधी मीठ, मग काही दिवस व्हिनेगर, मग दालचिनी, मिरी आणि रानातली सुवासिक पाने चोळून वाऱ्यावर टांगायचे. कागदासारख्या पातळ चकत्या कापून फावाबरोबर किंवा मद्याबरोबर खातात. शेळीच्या दुधाचे ‘क्लोरोतिरी’ हे मऊ, आंबटसर चीज इतके थोडे बनते की दुकानात क्वचितच दिसते. शेतावर न्यायच्या शिदोरीत ‘कोपानिया’ असत. बार्लीचे कडक टोस्ट कुटून, त्यात मनुका मळून, तिळात घोळवलेले वळे. कुटून करायचे म्हणून ते नाव. आपल्याकडचा तिळाचा लाडू आणि हे वळे एकाच गरजेतून आले: चूल पेटवायला न लागता दिवसभर पोटाला आधार.

या सगळ्याकडे हॉटेलवाल्यांनी बराच काळ पाहिले नाही. ऐंशीच्या दशकात पर्यटक वाढले तेव्हा त्यांच्यापुढे ठेवले जाई ते कुठेही मिळणारे खाणे. योर्गोस हाजीयानाकिस यांनी १९८६ मध्ये फिरा गावात ‘सेलिनी’ नावाचे रेस्टॉरंट काढले आणि फावा, केपर, पांढरे वांगे यांना पुढच्या पंगतीत बसवले. हळूहळू इतरांनीही ती वाट धरली. आता फावा नसलेले मेनूकार्ड बेटावर शोधून सापडणार नाही.

पण मेनूकार्डावर नाव वाढले म्हणून शेतात पीक वाढले असे झाले नाही. सुमारे साडेपंधरा हजार वस्तीच्या या बेटावर २०२३ मध्ये अंदाजे ३४ लाख लोक येऊन गेले. कधी कधी एका दिवसात क्रूझ जहाजांतून हजारोंचा लोंढा उतरे, म्हणून २०२५ पासून अशा प्रवाशांची संख्या दिवसाला ८ हजारांवर रोखण्याचे धोरण ठरले. जिथे फावा किंवा टोमॅटो लावायचा तिथे खोल्या बांधल्या तर कितीतरी पट पैसे मिळतात. तरुणांना हॉटेलात वर्षातले सात-आठ महिने काम मिळते, आणि कूलूरा गुंफायला हिवाळ्यात वाकून बसणारी माणसे दरवर्षी कमी होतात. त्यात गेल्या काही वर्षांत उन्हाळे जास्त तापले, पाऊस घटला आणि द्राक्षांचे उत्पन्न खाली आले. २०२५ च्या सुरुवातीला भूकंपाचे शेकडो धक्के बसले तेव्हा ११ हजारांहून अधिक लोक काही आठवड्यांसाठी बेट सोडून गेले. १९५६ ची आठवण असलेल्या वृद्धांना तो काळ पुन्हा दिसला असणार.

मागणी जास्त आणि पीक थोडे, त्यामुळे खाणावळीत फावा म्हणून जे समोर येते ते कित्येकदा बाहेरून आणलेल्या साध्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे असते. सांतोरिनीला जाणाऱ्याने मागवण्याआधी ‘बेटावरचीच का?’ असे विचारावे. खरी असेल तर मालक हसून शेतकऱ्याचे नावही सांगेल. घरी आणायची असेल तर पिशवीवर पीडीओचा लाल-पिवळा शिक्का पाहावा आणि भाव ऐकून दचकू नये. मे-जूनमध्ये तिथे असाल तर एक दिवस सूर्योदयाचा फोटो सोडून पिर्गोस किंवा मेगालोखोरीच्या शेतांकडे जा. फावाची काढणी अजूनही हाताने होते आणि ती पहाटेच उरकावी लागते, कारण ऊन चढले की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणे राखेत सांडतात.